ध्वनिमुद्रिका-टर्नटेबलाचे कंपनविलगीकरण

ध्वनिमुद्रिका-टर्नटेबलाचे कंपनविलगीकरण : ध्वनिमुद्रिका वाजविताना जमीन, मेज, हवा वा यंत्रातीलच चलित्र यांची कंपने सुईपर्यंत पोहोचू नयेत म्हणून टर्नटेबलाची जी स्थितिस्थापक मांडणी करतात, तिला कंपनविलगीकरण म्हणतात. पहिल्या ग्रामोफोनाला याची गरज नव्हती. सुई हलकी, खाच बारीक आणि ध्वनिक्षेपक सामर्थ्यवान होत गेले, तसतसा हा प्रश्न पुढे आला. विशेषतः वजनदार टर्नटेबलाबाबत त्याचे उत्तर काय असावे, याविषयी १९६० नंतर यंत्ररचनाकारांमध्ये दोन परस्परविरोधी पंथ निर्माण झाले.

प्रश्न किती सूक्ष्म आहे, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. १,००० हर्ट्झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता) बऱ्यापैकी मोठा स्वर सेकंदास ५ सेंमी. या कमाल वेगाने कोरला असेल, तर खाचेचे मधल्या रेषेपासूनचे विचलन अवघे ०·००८ मिमी. असते. त्याच्या एक सहस्रांश तीव्रतेचा मंद स्वर ०·०००००८ मिमी. इतक्या विचलनाने नोंदला जातो. हे अंतर हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सु. सत्तराव्या भागाइतके आहे. रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरात जमिनीची सर्वसाधारण थरथर याहून अनेक पटींनी मोठी असते. प्रकाशाच्या तरंगलांबीशी गाठ पडलेल्या भौतिकीविज्ञांना ही अडचण ग्रामोफोनाच्याही आधी भेडसावली होती. ॲल्बर्ट मायकेलसन (१८५२–१९३१) यांचे व्यतिकरणमापक १८८१ मध्ये बर्लिनमधील रहदारीने रात्रीच्या वेळीही इतके थरथरे की, ते उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवावे लागले. १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे त्यांनी व मॉर्ली यांनी हेच उपकरण पाऱ्यावर तरंगणाऱ्या जड वालुकाश्माच्या शिळेवर बसविले.

यांत्रिक कालखंड : टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात सुई खाचेच्या तळाशी खालीवर हलत असे. एमिल बर्लिनर (१८५१–१९२९) यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला व त्यात सुईची हालचाल आडवी ठेवली. दोन्ही यंत्रांत आवाजाची सर्व ऊर्जा सुईच्या हालचालीतूनच पडद्याला व कर्ण्याला मिळे. त्यामुळे खाच रुंद व सुई जड असणे भाग होते. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर सुईचा भार १०० ग्रॅमहूनही अधिक असे. कर्ण्यातून सु. २०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी जवळजवळ ऐकूच येत नसत आणि जमिनीची व चलित्राची बहुतेक कंपने नेमकी त्याच पट्ट्यात मोडतात. शिवाय लाखेत दगडाची पूड मिसळून दाबलेल्या ध्वनिमुद्रिकेचा खरखराट बाकी सर्व झाकून टाकी. (ही लाख मुख्यतः भारतातून जाई.) तेव्हा चार पायांच्या साध्या तिपाईवर ठेवलेला ग्रामोफोनही समाधानकारक वाजत असे.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना मात्र एवढे निश्चिंत राहता येत नव्हते. मेणाच्या तबकडीवर खाच कोरताना जी थरथर उमटे, ती त्या मुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीत कायमची राही. म्हणून कोरणी-यंत्रे विजेच्या चलित्राऐवजी घड्याळाप्रमाणे पडत्या वजनाच्या ओढीवर चालविण्याची प्रथा होती व विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावरही ती बरीच वर्षे टिकली. कंपनाचा उगमच काढून टाकण्याचा हा उपाय आजही सर्वांत खात्रीचा मानावा लागेल. परंतु घरगुती यंत्रात तो सोयीचा नाही.

विद्युत् पुनरुत्पादन : १९२५ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने विद्युत् ध्वनिमुद्रण त्याच वर्षी व्यवहारात आले आणि जनरल इलेक्ट्रिकमधील राइस व केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. सुईकडे आता फक्त संदेश निर्माण करण्याचे काम राहिले. शक्ती विवर्धक पुरवू लागला. खर्जातील ध्वनी घरात प्रथमच ऐकू येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग चलित्राची घरघरही आली.

त्याहून गंभीर अडचण प्रतिसंभरणाची होती. रेडिओग्राममध्ये ध्वनिक्षेपक व फिरती चकती एकाच लाकडी पेटीत असत. ध्वनिक्षेपकाने पेटी हलविली की सुई हलते, तो संदेश विवर्धित होऊन पुन्हा ध्वनिक्षेपकात येतो व पेटी अधिक जोराने हलते. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेले की यंत्र सतत घुमू लागते. यावर उपाय म्हणून यंत्राची धातूची पाटी रबराच्या गुंड्यांवर किंवा लहान स्प्रिंगांवर बसविण्यात येऊ लागली. गॅरर्डसारख्या ब्रिटिश कारखान्यांची मुद्रिका-बदल यंत्रे अशाच स्प्रिंगांवर तरंगती असत. वाहतुकीत त्यांना इजा होऊ नये म्हणून ती स्क्रूंनी आवळून पाठवीत. हे स्क्रू ढिले न करताच यंत्र वापरले, तर विलगीकरणाची सर्व योजना निरुपयोगी ठरे.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३१/३ फेऱ्यांची दीर्घवादन मुद्रिका बाजारात आणली. खाच निम्म्याहून अरुंद झाली व सुईचा भार १० ग्रॅमच्या खाली आला. खर्जाच्या मोठ्या विचलनामुळे शेजारशेजारच्या खाचा एकमेकींत घुसू नयेत म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी खर्ज कमी करावयाचा व वाजविताना तो तितकाच वाढवावयाचा, ही पद्धत पूर्वीपासून होती. तिचे प्रमाण अमेरिकेत १९५४ मध्ये निश्चित झाले. त्यानुसार वाजविताना २० हर्ट्झचा संदेश १,००० हर्ट्झच्या मानाने सु. ९ पट वाढविला जातो. मुद्रिकेतील खर्जाला याने न्याय मिळतो. पण जमिनीच्या व धारव्याच्या कंपनांना कोणी आधी कमी केलेले नसते, ती मात्र नऊपट होऊन बाहेर पडतात.

यानंतरची पायरी त्रिमितीय श्रवणाची (स्टिरिओची) होती. ॲलन ब्लमलाइन (१९०३–४२) यांनी १९३१ मध्ये एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन संदेश कोरण्याच्या पद्धतीचे एकस्व मागितले होते. तिचा व्यापारी उपयोग १९५८ पासून सर्वत्र सुरू झाला. एकसंदेशी मुद्रिकेत सुईची फक्त आडवी हालचाल कामाची असते. त्रिमितीय मुद्रिकेत उभी हालचालही तितकीच कामाची असते व सुईग्राहक (कार्ट्रिज) तिलाही विद्युत् रूप देतो. जमिनीची व धारव्याची कंपने बव्हंशी उभी असल्यामुळे, पूर्वी ज्या यंत्रांची ख्याती शांत म्हणून होती ती एका वर्षात घरघर करणारी ठरली. कंपनविलगीकरण हा खास अभ्यासाचा विषय झाला तो येथून पुढे.

सिद्धांत : या समस्येचे गणित टर्नटेबलासाठी नव्याने मांडावे लागले नाही. लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांच्या ध्वनिविषयक ग्रंथात (१८७७–७८) त्याचा पाया आहे. जहाजांच्या डोलण्यावर व थरथरण्यावर उपाय शोधताना हेर्मान फ्राम यांनी १९०९ मध्ये कंपनशोषक योजला आणि जे. पी. डेन हार्टोग (१९०१–८९) यांच्या १९३४ च्या पाठ्यपुस्तकाने हे ज्ञान अभियंत्यांच्या नित्य व्यवहारात आणले.

स्प्रिंगेवर ठेवलेल्या वस्तूला स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते. जमीन तिच्याहून पुष्कळ कमी कंप्रतेने हलली, तर वस्तू जमिनीबरोबरच हलते. दोन्ही कंप्रता जुळल्या तर अनुस्पंदन होऊन वस्तू जमिनीपेक्षाही जास्त हलते. जमिनीची कंप्रता नैसर्गिक कंप्रतेच्या सु. १·४ पटीपलीकडे गेल्यावरच विलगीकरण सुरू होते व पुढे ते झपाट्याने वाढते : अवमंदन (हालचालीची ऊर्जा शोषून ती शमविण्याची क्रिया) अल्प असल्यास तिप्पट कंप्रतेला कंपनाचा आठवा भाग व दसपट कंप्रतेला सु. शंभरावा भाग वर पोहोचतो. म्हणजेच टर्नटेबलाची नैसर्गिक कंप्रता जितकी खाली नेता येईल तितके चांगले.

येथे वजनाविषयीचा एक रूढ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टर्नटेबल जड असले की ते आपोआप कंपनांपासून सुरक्षित राहते, असे मानले जाते. नैसर्गिक कंप्रता खरे पाहता वजनावर नव्हे, तर त्या वजनाखाली स्प्रिंग किती दबते यावर अवलंबून असते. रेषीय स्प्रिंगेच्या बाबतीत ही कंप्रता, सेंमी.मध्ये मोजलेल्या दबण्याच्या वर्गमुळाने ५ ला भागले असता, जवळजवळ अचूक मिळते. १ सेंमी. दबणाऱ्या स्प्रिंगेवर ती ५ हर्ट्झ, अडीच सेंमी.ला ३·२ हर्ट्झ आणि १ हर्ट्झपर्यंत खाली जाण्यासाठी तब्बल २५ सेंमी. दबणे लागते. ५० किग्रॅ. वजनाच्या यंत्राखाली चार स्प्रिंगा ठेवून अडीच सेंमी. दाब हवा असेल, तर प्रत्येक स्प्रिंग १ सेंमी. दबण्यास ५ किग्रॅ. भार लागेल अशी निवडावी लागते. त्याच स्प्रिंगा २५ किग्रॅ. यंत्राखाली ठेवल्या तर त्या निम्म्याच दबतात, कंप्रता ४·५ हर्ट्झवर जाते आणि २५ हर्ट्झच्या कंपनाचा साठाव्याऐवजी तिसावा भाग वर पोहोचतो. कडक जमिनीवर कडक पायांनी उभे केलेले १०० किग्रॅ. यंत्रही जमिनीबरोबर तंतोतंत हलते, कारण तेथे दबणेच नाही.

वजनाचा उपयोग नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. जे बल थेट यंत्रावरच पडते, उदा., हवेतून येणारा ध्वनिक्षेपकाचा दाब, पट्ट्याची ओढ किंवा हाताचा धक्का, त्याने होणारी हालचाल वजन वाढेल तशी कमी होते. खालून येणाऱ्या कंपनाला स्प्रिंग व वरून येणाऱ्या बलाला वजन, अशी ही कामाची वाटणी आहे. ती लक्षात घेतली, तर पुढील अर्धशतकातील बराचसा वाद अनावश्यक होता असे दिसते.

दुसरा मुद्दा सुईभुजेचा. सुईग्राहकाची लवचिकता व भुजेची निरूढी यांचे अनुस्पंदन ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. मुद्रिकेचे छिद्र मध्यापासून सरकलेले असेल, तर सेकंदास ०·५६ वेळा हेलकावा बसतो व मुद्रिकेच्या वाकडेपणाची कंपने त्याच्या काही पटीत असतात. तेव्हा विलगकाची कंप्रता ८ हर्ट्झच्या बरीच खाली हवी. टर्नटेबलाखाली लावल्या जाणाऱ्या रबरी गुंड्या बहुधा २ मिमी.च्या आसपास दबतात. वरील नियमाने त्यांची कंप्रता ११ हर्ट्झ येते. रबर कंपनांना स्थिर भारापेक्षा अधिक ताठर भासत असल्याने प्रत्यक्षात ती थोडी जास्तच असते. अशी गुंडी भुजेच्या अनुस्पंदनाच्या पट्ट्यात कंपन कमी करण्याऐवजी वाढविते. विलगीकरणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अनेक पायांची हीच गत आहे. टोकदार धातूचे खिळे तर विलगक नव्हेतच. त्यांतून कंपन खाली जाते पण वर येत नाही, या प्रचारातील विधानास यामिकीत आधार नाही.

तिसरा मुद्दा क्वचितच सांगितला जातो. ऐकू येते ती चकती व सुई यांची परस्परसापेक्ष हालचाल. भुजा तिच्या धुरीपाशी तोललेली असते, म्हणून चकती व धुरी एकाच ताठ चौकटीवर असून ती चौकट सरळ खालीवर झाली, तर भुजाही जवळजवळ तशीच खालीवर होते व सुईला फारसे काही जाणवत नाही. चौकट एका बाजूला डुलली, मात्र भुजा आपल्या निरूढीमुळे तिच्याबरोबर वळत नाही व सुई खाचेत दाबली वा उचलली जाते. डुलणे व चौकटीचे वाकणे हे खरे शत्रू होत. यंत्राचा गुरुत्वमध्य स्प्रिंगांच्या पातळीपेक्षा पुष्कळ वर असेल, तर आडवा धक्काही डुलण्यात परिवर्तित होतो. जड चकती उंचावर असलेल्या यंत्रांत हा दोष विशेष दिसतो.

तरंगत्या चौकटीचा पंथ : एडगर व्हिल्चर (१९१७–२०११) हे अमेरिकन संशोधक. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अकूस्टिक रिसर्च या त्यांच्या कंपनीने बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगेसारखा उपयोग करणारा ध्वनिक्षेपक काढला व लहान पेटीतून खोल खर्ज ऐकविला. ज्याने घराघरात खर्ज पोहोचविला त्यालाच पुढे शांत टर्नटेबल करावे लागले, यात योगायोगाचा भाग थोडाच असावा. १९६१ मध्ये त्यांनी जे यंत्र बाजारात आणले, त्यात चकतीचा धारवा व भुजा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या एका ताठ पट्टीवर बसविलेली असून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगती ठेवली होती. चलित्र मात्र वरच्या स्थिर पत्र्यावर होते. दोहोंमध्ये दुवा फक्त मऊ रबरी पट्ट्याचा. बाहेरचे कंपन स्प्रिंगांनी व चलित्राचे कंपन पट्ट्याने अडविले. मुद्रिका वाजत असताना वरच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके मारून त्याचे प्रात्यक्षिक दाखवीत असत. यंत्र हलके व स्वस्त होते.

ही रचना पुढे अनेकांनी स्वीकारली. स्वित्झर्लंडमधील टोरेन्स कंपनीचे टीडी १५० (१९६५) व टीडी १६० (१९७२) आणि ग्लासगोच्या लिन कंपनीचे १९७२–७३ च्या सुमाराचे सोंडेक एलपी१२ ही त्यांतील प्रसिद्ध यंत्रे. पट्टाचालित रचनेचा आणखी एक फायदा होता. १६ ध्रुवांचे समकालिक चलित्र ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर मिनिटास ३७५ फेरेच करते, त्यामुळे त्याच्या असंतुलनाचे कंपन सु. ६ हर्ट्झवर, म्हणजे श्रवणमर्यादेखाली राहते. चार ध्रुवांच्या जुन्या चलित्राचे तेच कंपन २५ हर्ट्झवर येई व चाकाच्या घर्षणातून थेट चकतीत शिरे.

तथापि या पंथाचे दौर्बल्य लाकडी जमिनीवर उघड झाले. माणूस चालताना सेकंदास सु. दोन पावले टाकतो. त्या ठोक्यांचे २, ४ व ६ हर्ट्झचे घटक तक्तपोशी वाकवितात आणि तरंगती चौकट नेमकी ३ ते ५ हर्ट्झला अनुस्पंदित होते. खोलीतून कोणी चालले की सुई खाचेतून उडे. इंग्लंडातील घरांत यावर यंत्र भिंतीत ठोकलेल्या हलक्या फळीवर ठेवण्याचा उपाय रूढ झाला. मुंबई-पुण्याकडील जुन्या चाळींत व वाड्यांत मजले तुळयांवरील तक्तपोशीचे व भिंती जाड असतात, तेथेही तो तितकाच लागू पडतो. सिमेंट काँक्रीटच्या जाड लादीवर मात्र पावलांचा त्रास अल्प असून तेथे रेल्वे, पंप, उद्वाहक यांच्या १० हर्ट्झवरील कंपनांचा प्रश्न मुख्य असतो आणि त्यावर स्प्रिंगा उत्तम काम करतात.

जड यंत्रांचा पंथ : गॅरर्डचे ३०१ (१९५४) व टोरेन्सचे टीडी १२४ (१९५७) यांच्या जड चकत्या प्रचक्रासारख्या वेग स्थिर ठेवीत, मात्र चलित्राची ऊर्जा त्यांना चाकाच्या घर्षणाने मिळे. टीडी १२४ ची मूळ चकती ओतीव लोखंडाची होती व ती काही सुईग्राहकांतील चुंबकांना ओढून घेई, हा वेगळाच उपद्रव. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० हे थेट चालनाचे यंत्र आणले. चलित्राचाच दंड चकतीचा दंड झाल्यामुळे तेथे दोहोंमध्ये पट्टा वा स्प्रिंग घालण्यास जागाच उरली नाही. मग उपाय म्हणून बैठक अवजड करण्याकडे कल वळला. लाकडी थरांच्या जाड बैठका, ओतीव धातू, एवढेच नव्हे तर ऑब्सिडियन या ज्वालाकाचेचीही बैठक केली गेली. एसपी-१० च्या १९८१ मधील तिसऱ्या आवृत्तीची चकती सु. १० किग्रॅ. होती. मायक्रो सैकी कंपनीच्या आरएक्स-५००० मध्ये तोफधातूची १६ किग्रॅ. चकती असून चलित्र वेगळ्या ठोकळ्यात ठेवलेले होते.

नृत्यगृहांत वापरले गेलेले टेक्निक्स एसएल-१२०० (१९७२, दुसरी आवृत्ती १९७९) हे या पंथाचे सर्वांत खडतर परीक्षण म्हणता येईल. प्रचंड ध्वनिक्षेपकांच्या जवळ व हाताने चकती मागेपुढे ओढली जात असता तरंगती चौकट टिकणे शक्य नव्हते. ओतीव ॲल्युमिनियमखाली जड रबराची बैठक व स्थितिस्थापक पाय, असा त्यात मध्यममार्ग काढला होता. त्याउलट इंग्लंडातील रेगा कंपनीने (स्थापना १९७३) ना स्प्रिंग ना वजन, तर हलकी व ताठ चौकट पसंत केली. हलक्या वस्तूत ऊर्जा साठून राहत नाही, हा त्यामागील विचार. दोन टोकांचे हे रचनाकार आपापल्या यंत्रातून उत्तम आवाज काढून दाखवीत, याचे कारण बहुधा त्या यंत्रांखालील मेजात व जमिनीतच शोधावे लागेल.

जड टर्नटेबलासाठी विलगकाची निवड : ज्या यंत्रात स्वतःची स्प्रिंगयोजना नाही व ज्याचे वजन २५ ते १०० किग्रॅ. आहे, त्याला बाहेरून विलगक जोडावा लागतो. पहिली पायरी मोजमापाची. थांबलेल्या मुद्रिकेवर सुई टेकवून विवर्धकाचा आवाज नेहमीइतका ठेवावा व मेजावर बोटाने ठोका मारावा. ठोका ध्वनिक्षेपकातून स्पष्ट ऐकू आला, तर विलगीकरण अपुरे आहे. हीच चाचणी जवळून चालत जाऊन केल्यास दोष पावलांचा आहे की ध्वनीचा, हे कळते. चलित्र व धारव्याची घरघर संदेशरहित खाचेच्या चाचणी-मुद्रिकेने डेसिबेलमध्ये मोजतात. ती यंत्राच्या आतच उत्पन्न होत असल्याने बाहेरील विलगकाने कमी होत नाही. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे पुष्कळ खर्च वाया जातो.

पोलादी स्प्रिंगा सर्वांत स्वस्त व अंदाजास पक्क्या. परंतु त्यांत अवमंदन जवळजवळ नसते व डुलणे आवरण्यासाठी त्या दूरदूर आणि शक्यतो गुरुत्वमध्याच्या पातळीत बसवाव्या लागतात. म्हणून यंत्राखाली जड दगडी फरशी ठेवून मग तिच्याखाली स्प्रिंगा देतात. फरशीने कंप्रता खाली जाते असे नव्हे, कारण वाढलेल्या भारासाठी स्प्रिंगाही ताठर घ्याव्या लागतात. लाभ होतो तो गुरुत्वमध्य खाली आल्याचा व डुलण्याला विरोध करणारी निरूढी वाढल्याचा. चकतीच्या धारव्याकडील बाजू जड असल्याने चारही स्प्रिंगा सारख्या चालत नाहीत. प्रत्येक कोपऱ्याचा भार स्वतंत्र मोजावा. सॉर्बोथेन हे श्यानस्थितिस्थापक बहुवारिक १९८० नंतर या कामी लोकप्रिय झाले. त्याचे अवमंदन उत्कृष्ट आहे. पण भार नेमका न जुळल्यास ते एक तर दबत नाही किंवा चेपून जाते व नैसर्गिक कंप्रता फार खाली नेणे त्याला साधत नाही.

हवेच्या गाद्यांचा मार्ग प्रयोगशाळांतून आला. लेसर व होलोग्राफी यांसाठी १९६० नंतर हवेवर तरंगणारी जड मेजे तयार होऊ लागली. हवेचा दाब भाराप्रमाणे वाढविता येत असल्याने यंत्र जड असो वा हलके, नैसर्गिक कंप्रता फारशी बदलत नाही. ती २ हर्ट्झच्या आसपास ठेवता येते. जड टर्नटेबलासाठी हा गुण मोलाचा आहे. सायकलच्या रबरी नळीत थोडी हवा भरून तिच्यावर फळी ठेवण्याचा हौशी प्रयोग याच तत्त्वावर आधारलेला असून तो अनेक महागड्या पायांपेक्षा सरस ठरतो. मात्र नळीतील हवा हळूहळू गळते आणि पातळी दर काही दिवसांनी जुळवावी लागते.

याहून खाली जावयाचे तर साधी स्प्रिंग पुरत नाही. ०·५ हर्ट्झसाठी ती १ मी. दबावी लागेल. ल्यूसियन लाकोस्ट (१९०८–९५) यांनी भूकंपमापकासाठी १९३४ मध्ये शून्यलांबीची स्प्रिंग वर्णन केली, ती याच अडचणीतून. पुढे डेव्हिड प्लॅटस यांनी ऋण ताठरतेची यंत्रणा विकसित केली. उभी स्प्रिंग भार पेलते आणि वाकण्याच्या बेतात आणलेल्या आडव्या पोलादी पट्ट्या तिची ताठरता जवळजवळ रद्द करतात, त्यामुळे थोड्याच उंचीत ०·५ हर्ट्झ मिळते. अशी व्यासपीठे मुख्यतः सूक्ष्मदर्शकांसाठी बनतात व काही टर्नटेबलांखालीही वापरली जातात. त्यांची भारमर्यादा अरुंद असते. मुद्रिका व दाबवजन धरून यंत्राचे अचूक वजन कळविल्याशिवाय योग्य प्रतिमान निवडता येत नाही. कंपन ओळखून विद्युत् प्रेरकांनी त्यास उलट बल देणारी सक्रिय व्यासपीठेही उपलब्ध आहेत. ती १ ते २ हर्ट्झपासूनच काम करू लागतात व मऊ नसल्याने डुलत नाहीत. किंमत मात्र बहुतेक टर्नटेबलांहून अधिक पडते.

स्वतःची तरंगती चौकट असलेले यंत्र पुन्हा स्प्रिंगांवर ठेवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. दोन्ही कंप्रता जवळजवळ असल्या की जोडीने दोन नवी अनुस्पंदने उत्पन्न होतात व त्यांतील वरचे भुजेच्या पट्ट्याकडे सरकते. बाहेरील विलगकाची कंप्रता आतील योजनेच्या एक तृतीयांशाच्या खाली असेल, तरच हा द्विस्तरीय प्रकार हितकारक होतो.

१९८२ मध्ये संहत तबकडी (सीडी) आल्यावर हा विषय संपला असे वाटले होते. परंतु २००७ च्या सुमारापासून ध्वनिमुद्रिकांची मागणी पुन्हा वाढली. अमेरिकेत २०२२ मध्ये त्यांच्या विकल्या गेलेल्या नगांची संख्या संहत तबकड्यांहून अधिक झाली. संग्राहक व अभिलेखागारे यांच्या दृष्टीने प्रश्न अधिक निकडीचा आहे. जुन्या मुद्रिकांचे अंकीय रूपांतर बहुधा एकदाच होते व त्या वेळी जमिनीतून आलेली थरथर प्रतीत कायमची मिसळते. यांत्रिक काळातील ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकांत २०० हर्ट्झखाली नोंदच नसल्याने ती नंतर गाळता येते. दीर्घवादन मुद्रिकेत मात्र तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा वा ऑर्गनचे खालचे स्वर त्याच पट्ट्यात असतात आणि गाळणीने दोन्ही एकदमच जातात. अशा कामासाठी खोली तळमजल्यावर, जमिनीला थेट टेकलेल्या लादीवर व ध्वनिक्षेपक दुसऱ्या दालनात ठेवणे हे कोणत्याही विलगकाच्या आधी करावयाचे असते. विलगक बसविल्यावर चकतीची पातळी मुद्रिका व दाबवजन ठेवून, पट्टा चढवून आणि भुजा मुद्रिकेच्या मध्यावर आणून पुन्हा तपासावी लागते, कारण मऊ स्प्रिंगांवर एवढ्या बदलानेही चकती कलते.